दर्यावरच्यांचा बोल

झोया आणि इमाद, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. बरीच वर्षं लिहीन लिहीन म्हणत होते आणि टाळत होते. मागच्या आठवड्यात इमादने व्हिडिओ कॉलवर मला शाळेचा प्रकल्प दाखवला नसता तर आणखीही टाळलं असतं. अमेरिकेतल्या निवडणुकांत पूर्वी झालेल्या लबाड्या, असा त्याचा विषय. मेलेल्या माणसांच्या नावावर पडलेली मतं, मतमोजणी संपत आल्यावर सापडलेल्या पेट्या, मतांसाठी वाटलेली दारू आणि कोळसा, स्वतःच्याच कचेरीतल्या टेपांमुळे खुर्ची सोडावी लागलेला राष्ट्राध्यक्ष. चित्रं छान चिकटवली होतीस, इमाद. मी म्हटलं, यातलं किती नुसतं बोललं गेलं आणि किती कोर्टात टिकलं, ते वेगवेगळं लिही, एकात कालवू नकोस. तू हो म्हणालास आणि लगेच विचारलंस, "नानी, हे सगळं अमेरिकेतच होतं का? आपल्या लोकांत असं कधी झालंय?" मी तुला विचारलं, जेवलास का. मागून झोया ओरडली, "नानीने टॉपिक बदलला!" झोयाचं लक्ष असतं.

तुमच्या अम्मीने मला सांगितलं आहे की तिकडे अमेरिकेत तुमचे अब्बू आणि त्यांचे शेजारी गेल्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. एक म्हणतो चोरी झाली, दुसरा म्हणतो झाली नाही. त्यात मी पडत नाही. माझ्याजवळ सांगायला एवढीच एक लहानशी निवडणूक आहे. ती मी पडद्याच्या फटीतून पाहिली आणि तिचा सगळा फायदा मला झाला. मराठीत लिहिते आहे, अम्मी वाचून दाखवेल. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून फार सभ्य कागद तयार होतो. या गोष्टीतली माणसं मराठीत बोलत होती, आणि जे लागायचं ते त्यांना मराठीतच लागलं.

सौदीतल्या अल खफजीत आमचं घर तेल कंपनीच्या वसाहतीच्या अगदी शेवटच्या ओळीत होतं. मागच्या भिंतीपलीकडे वाळू आणि वाळूपलीकडे समुद्र. अम्माला तो समुद्र पटत नसे. "ह्याला दर्या म्हणायचं? ना चिखल, ना वास," असं ती म्हणायची आणि दापोलीकडच्या आमच्या गावच्या खाडीची आठवण काढायची. बैठकीच्या खोलीतला एसी इतका घुरघुरायचा की रेडिओवरच्या इंग्रजी बातम्यांच्या वेळी अब्बा तो बंद करायला लावत, आणि आम्ही सगळी घामाने निथळत जगाची हालहवाल ऐकत बसायचो. अब्बा कंपनीत फोरमन होते, यंत्रांवरची मीटरं सांभाळणाऱ्या माणसांचे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले, पण इंग्रजी वाचनाची भारी हौस. मला रोज जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रातला एक रकाना मोठ्याने वाचायला लावत आणि चुकलं की फक्त भुवई वर करत. वारा सुटला की दारांच्या फटीत ओले टॉवेल लावायचे, तरी भाकरीच्या पिठात वाळू येई. अम्मा पीठ दोनदा चाळायची. त्या चाळणीचा आवाज म्हणजे माझ्या लहानपणची सकाळ.

शुक्रवारी नमाजनंतर मिस्टर हॅगन जेवायला यायचे. ते अमेरिकन, विहिरी खोदणाऱ्या ठेकेदाराकडे इंजिनिअर, बायको-मुलं तिकडे शिकागोला आणि हे इथे कॅम्पात डबाबंद अन्न खात. अब्बांशी त्यांची कामावर ओळख झाली आणि अम्माच्या हमूर माशाच्या कालवणाने ती पक्की केली. तांदळाची भाकरी ते चमच्याने खायचा प्रयत्न करत, मग हरून हाताने. नाकाडोळ्यांतून पाणी येई, पण वाटी पुढे करत. अम्मा स्वयंपाकघराच्या दारात ओढणी डोक्यावर घेऊन स्टुलावर बसे. तिला इंग्रजी येत नसे आणि हॅगनना दुसरं काही येत नसे, म्हणून दुभाषी मी. हॅगन बोलले की अम्मा विचारायची, "काय म्हणतो गो?" आणि अम्मा बोलली की हॅगन माझ्याकडे बघून थांबायचे.

त्यांच्या गोष्टी बहुतेक त्यांच्या काकांच्या. हे काका शिकागोच्या एका मोहल्ल्यात पक्षाचे माणूस. हिवाळ्यात कुणाच्या घरी कोळसा पाठवायचा, सणाला कुणाला टर्की द्यायची, कुणाच्या मुलाला रस्ते झाडायच्या खात्यात चिकटवायचं, हे सगळं काकांकडे, आणि बदल्यात मत. हॅगन सांगायचे, "काका दर रविवारी कबरस्तानात फेरी मारायचे. काकू विचारायच्या, कुठे निघालात? म्हणायचे, मतदारांना भेटायला." मग स्वतःच इतके हसायचे की ठसका लागे. टेक्सासातल्या एका पेटीची गोष्ट तर आम्हाला पाठ झाली होती. ती पेटी म्हणे उशिरा हाती लागली, आणि तिच्यातले मतदार इतके शिस्तीचे की एबीसीडीच्या क्रमाने रांगेत उभे राहिले होते. मी अम्माला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मेल्यावर तरी माणसाला सुखाने झोपू द्या म्हणावं." हॅगनना ते इतकं आवडलं की त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. अब्बा मात्र हसत नसत. "तुमच्याकडे एवढा मोठा कायदा, आणि हे?" असं म्हणत. एकदा ते म्हणाले, "आमची माणसं गरीब असतील, पण मेलेल्याच्या नावाने खोटं बोलणार नाहीत. अल्लाची भीती आहे आम्हाला." हॅगननी दोन्ही हात वर केले. "असेल, असेल. आमच्या काकांनाही चर्चची भीती होती."

पुढे मी यावर बरंच वाचलं. त्यातल्या कित्येक गोष्टी कधीच सिद्ध झाल्या नाहीत, काही झाल्या, आणि काही नुसत्या सांगून सांगून मोठ्या झाल्या. हॅगनचे काका कबरस्तानात कधी गेलेही नसतील. पण आमच्या टेबलावर ते दर शुक्रवारी जात होते, आणि आम्ही भात वाढून घेत ते ऐकत होतो.

आमची शाळा म्हणजे भाड्याने घेतलेला एक बंगला. भारतातल्या मुलांसाठी पालकांनीच चालवलेली, आणि आठवीपर्यंतच. आठवी झाली की मुलगे हिंदुस्थानातल्या वसतिगृहात जात आणि मुली आजीकडे. आजीकडे म्हणजे गावी. गावी इंग्रजी हायस्कूल नव्हतं, म्हणजे पुढचं तुम्ही समजून घ्या. मी आठवीत होते. अम्माने माझ्यासाठी एक निळी सूटकेस आणून कपाटावर ठेवली होती आणि तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. त्या वर्षी अब्बांनी ठरवलं की शाळेच्या समितीच्या अध्यक्षपदाला उभं राहायचं आणि नववी उघडायची. समोर सिद्दीकी साहेब, हैदराबादचे, कंपनीच्या हिशेब खात्यातले. त्यांचं म्हणणं, आधी बस घ्या, लांबून लहान मुलं उन्हात चालत येतात. पैसा एकाच गोष्टीपुरता होता. सिद्दीकी साहेब चूक नव्हते. हे मला तेव्हाही कळत होतं, पण त्यांची मुलं लहान होती आणि मी मोठी.

अब्बांसाठी मतं गोळा केली ती हसनचाचाने. हा अब्बांचा चुलतभाऊ, बाजारात त्याचं किराण्याचं दुकान. कोकणातला कोणी माणूस खफजीत उतरला की आधी हसनचाचाच्या दुकानात जायचा, मग कंपनीत. निरोप, औषधं, गावची सुकट, लग्नाच्या बातम्या, सगळं तिथून. त्याने शाळेतल्या मुलांच्या बापांना बिर्याणी खाऊ घालायला सुरुवात केली. "सिद्दीकी साहेबांची बस येईल तेव्हा येईल, माझी बिर्याणी आज आली आहे," असं पातेल्याचं झाकण उघडत म्हणायचा. अब्बा चिडले. "हसन, हे बंद कर. हॅगनच्या काकासारखं दिसतंय."

"कोण हा काका?" हसनचाचा म्हणाला. "माझी गाठ घालून दे. शिकून घेतो."

आता तुम्हाला एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव दर्यावर्दी. अर्धे पुरुष कायम जहाजावर. गावच्या जमातीच्या बैठकीत काही ठरवायचं झालं, मशिदीची भिंत असो की विहिरीचा पंप, तर घराघराचं नाव पुकारत आणि घरातला पुरुष उभा राहून आपलं मत सांगे. त्याला बोल म्हणायचे. जो समुद्रावर असेल त्याचा भाऊ किंवा शेजारी उठून म्हणे, "दर्यावर आहे. त्याचा बोल माझ्याकडे." एवढंच. कागद नाही, सही नाही. सगळे सगळ्यांना ओळखत, खोटं बोलणाऱ्याला संध्याकाळपर्यंत गावात तोंड दाखवणं कठीण झालं असतं. खफजीत आमच्याच लोकांनी शाळा सुरू करताना हीच रीत आणली, कारण इथेही अर्धे पुरुष समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर आळीपाळीने जात. केरळच्या, हैदराबादच्या लोकांनाही ती सोयीची वाटली. फक्त इथे सगळे सगळ्यांना ओळखत नव्हते. माणूस दर्यावर आहे, की नोकरी खलास होऊन कायमचा घरी गेला आहे, हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो दुकानात बसायचा.

मतदान शुक्रवारी दुपारी झालं. पुरुष मोठ्या खोलीत, बायका शेजारच्या पहिलीच्या वर्गात, बुटक्या बाकांवर गुडघे वर करून. मधल्या दाराला पडदा. बायकांना मत नव्हतं, चहाचं काम होतं. अम्मा त्या दिवशी जैनबभाभीला ओढून घेऊन आली होती. जैनबभाभीचा नवरा युसूफ क्रेन चालवायचा, आमच्याच गावचा. दम्मामच्या रस्त्यावर गाडी उलटून तो गेला होता. तिची इद्दत, विधवेने घरात काढायचे चार महिने, संपली होती, पण कागद संपले नव्हते. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो अरब मालक, सही करेना, कंपनी थांबा म्हणे, म्हणून ती आणि तिची सफिया अजून खफजीत अडकून होत्या. सफिया माझ्याच वर्गात. "चार बायकांत बसशील, बरं वाटेल," असं म्हणून अम्माने तिला घराबाहेर काढलं होतं. जैनबभाभी ट्रेमध्ये ग्लास मांडत होती. सुलेमानी चहाला पुदिन्याचा वास येत होता.

पलीकडे मुख्याध्यापक थॉमस सर वर्षाच्या सुरुवातीच्या हजेरीपटावरून नावं पुकारत होते, मधे सोडून गेलेल्यांचीही. केरळचे, आवाज सपाट, शाळेत हजेरी घेत तसाच. मुलाच्या बापाचं नाव यायचं आणि माणूस म्हणायचा, "कासिमभाई" किंवा "सिद्दीकी साहब". कासिमभाई म्हणजे अब्बा. मधूनमधून हसनचाचाचा आवाज यायचा. "दर्यावर आहे. त्याचा बोल माझ्याकडे. कासिमभाई." पुन्हा थोड्या वेळाने, "दर्यावर आहे. बोल माझ्याकडे." बायकांत कुजबुज चालली होती. एक जण म्हणाली, "हा कुठला दर्यावर? हा तर चिपळूणला टेम्पो चालवतो." दुसरी हसली. "चालवू दे गो. टेम्पोपण तरंगत असेल." मीसुद्धा हसले. पडद्याच्या फटीतून मला अब्बांचा खांदा आणि कान दिसत होता.

आणि मग थॉमस सरांनी युसूफचं नाव वाचलं. सफिया शाळेत होती, म्हणून तिच्या बापाचं नाव हजेरीत होतं. काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. वाचल्यावर सरांच्या लक्षात आलं असावं, कारण ते थांबले. पण हसनचाचाची जीभ गावच्या नावांना सरावली होती. ती थांबली नाही.

"दर्यावर आहे. त्याचा बोल माझ्याकडे. कासिमभाई."

जैनबभाभीने हातातला ग्लास ट्रेमध्ये ठेवला, अगदी सावकाश. तिने कुणाकडे बघितलं नाही. "माझ्या माणसाला कुणी हाक मारली?" असं म्हणाली. ओरडून नाही, खरोखर विचारल्यासारखं. टेम्पोवर हसलेली बाई जमिनीकडे बघत होती. सफिया उठून आईजवळ गेली आणि तिने तिची ओढणी धरली. मी अब्बांच्या कानाकडे बघत राहिले. आता ते उठतील, असं मला वाटत होतं. मुडद्याच्या नावाने खोटं बोलणार नाही म्हणणारे माझे अब्बा उठतील आणि म्हणतील की हा बोल खोटा आहे.

अब्बा म्हणाले, "यल्ला, सर. पुढे वाचा."

सरांनी पुढे वाचलं. अब्बा थोडक्याने निवडून आले. युसूफच्या बोलाने आले असं नाही, पण टेम्पोवाल्याच्या आणि तसल्या सगळ्या बोलांनी आले, हे खरं. टाळ्या झाल्या, त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ झाल्या, कारण थांबल्यावर काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं. सिद्दीकी साहेबांनी हरकत घेतली नाही. घेतली असती तर जैनबभाभीला सगळ्यांपुढे विचारावं लागलं असतं, तुझा नवरा कुठे आहे. ते अब्बांना म्हणाले, "मुबारक हो, कासिम साहब." मग ते पडद्यापाशी आले, आत न बघता उभे राहिले आणि म्हणाले, "भाभी, हम सब की तरफ़ से माफ़ कर दीजिए." हरलेल्या माणसाने माफी मागितली. जिंकलेला माणूस मागे उभा राहून बर्फीचा तुकडा हातात धरून होता, ना खात होता ना ठेवत होता.

संध्याकाळी हसनचाचा मिठाईचा डबा घेऊन आला. अम्माने तो दारातच घेतला, आत ये म्हणाली नाही. तो म्हणाला, "वहिनी, तोंडातून निघून गेलं. पण बाकीचं पोरीसाठी केलं मी." अम्मा म्हणाली, "पोरीचं नाव घेऊ नको त्यात." पण नाव घेतलं गेलं होतं. मी आतल्या खोलीत होते आणि एसी बंद होता, सगळं ऐकू येत होतं. कपाटावरून निळी सूटकेस कोणीतरी खाली काढून पलंगाखाली सरकवली होती. मला आनंद झाला होता, मुलांनो. हे मला सगळ्यात कठीण जातं लिहायला. लाज वाटत होती आणि तिच्या खाली आनंद होता, भाताखाली तूप लपावं तसा.

पुढच्या शुक्रवारी हॅगन आले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कोलंबीचं कालवण होतं. खुर्चीत बसता बसता ते अब्बांना म्हणाले, "काय मग, अध्यक्ष महाराज! ऐकलं मी. मेलेल्यांनीपण तुम्हालाच मत दिलं की काय?" आणि त्यांच्या पद्धतीने हसले. कोणी हसलं नाही, म्हणून ते जरा थांबले आणि पुन्हा एकदा, लहान, हसले.

"काय म्हणतो गो?" अम्माने विचारलं.

तिने पुन्हा विचारलं तेव्हा सांगितलं.

"सांग त्याला, हो."

"नको," अब्बा म्हणाले.

"सांग. युसूफचं सांग, जैनब तिथे चहा ओतत होती ते सांग. तू नाही सांगितलंस तर मी खुणा करून सांगेन."

अब्बा ताटाकडे बघत होते. मी सांगितलं. माझं इंग्रजी तोवर चांगलं झालं होतं, अब्बांनीच घोटून घेतलेलं, त्यामुळे एकही शब्द अडला नाही. अब्बांची भुवई वर गेली नाही. हॅगननी हातातली भाकरी खाली ठेवली. त्यांचं तोंड एवढं लाल झालं की अम्माला वाटलं मिरची लागली, तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "ती बाई कुठे राहते?"

मी अम्माला सांगितलं. अम्मा म्हणाली, "दोन ओळी सोडून. ह्याला काय करायचंय? ज्याने जायला हवं तो जेवतोय."

अब्बा उठले. हात धुतले आणि चपला शोधू लागले. अम्मा म्हणाली, "थांबा. बाईमाणसाच्या दारात एकटे कसे जाल? मी येते." मलाही तिने हाताला धरलं. हॅगन तिथेच टेबलाशी बसून राहिले. आम्ही परत आलो तेव्हा ते गेले होते, आणि सगळी ताटं धुऊन, उलटीसुलटी कशीही, ओट्यावर रचून ठेवलेली होती.

जैनबभाभीने दार अर्धंच उघडलं आणि स्वतः दाराआड उभी राहिली. अब्बा पायरीखाली उन्हात. अम्माने आत जायला पाऊल उचललं, पण आत या असं कोणी म्हणालं नाही, म्हणून तीही पायरीवरच थांबली. अब्बा म्हणाले, "जैनब, चुकलं आमचं."

ती आतून बोलू लागली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता. "कासिमभाई, ते असते तर त्यांनी तुम्हालाच बोल दिला असता. गावात माणूस गेला की त्या घराचा बोल बाईला विचारतात. तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या सासूला विचारायचे, ती आतून निरोप पाठवायची. मला विचारलं असतंत तर मीपण तुम्हालाच दिला असता. सफियाला काय नववी नको आहे? एकदा ह्या दारात यायचं होतं, बस."

"चुकलं," अब्बा पुन्हा म्हणाले.

"हे तुम्ही माझ्या पायरीवर म्हणताय. तिथे त्या खोलीत म्हणायचं होतं."

अब्बांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "तिथे म्हटलं तर निवडणूक मोडेल. पुन्हा नावं वाचतील. वर्ग जाईल."

तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. अम्माही माझ्याकडे बघत होती. दाराच्या फटीतून सफिया दिसत होती, तीही. मला वाटतं मी त्या वेळी काही बोलावं असं कुणालाच वाटत नव्हतं, पोरीला कोण विचारतो, पण सगळे बघत मात्र माझ्याकडेच होते.

"मग राहू दे," जैनबभाभी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

झोया, तू मोठी होत आहेस, तुला लोक सांगतील की चांगल्या कामासाठी थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं. ते खोटं सांगत असतात असं मी म्हणणार नाही. नववी चांगलंच काम होतं. पण ज्यांचा बोल जातो, त्यांनाच शेवटी 'राहू दे' म्हणावं लागतं. चालवून घेणं त्यांच्याच वाट्याला येतं. आणि ज्याला फायदा होतो तो आयुष्यभर फार नीटनेटका होतो, माझ्यासारखा. माझी बिलं वेळेवर भरलेली असतात. रांगेत मी कधी पुढे घुसले नाही. इथे जेद्दात तुमचा मामा हसतो, शराफियाच्या बाजारात भाजीवाल्याने एक लिंबू जास्त टाकलं तरी मी परत द्यायला जाते म्हणून. त्याला वाटतं हा माझा स्वभाव आहे.

नववीचा वर्ग उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर सुरू झाला, मागच्या अंगणातल्या खोलीत. त्याच्या आधीच जैनबभाभीचे कागद आले आणि त्या दोघी गेल्या. निरोपाला अम्मा गेली होती, अब्बा कामावर होते. सफियाने मला तिची भूमितीची पेटी दिली, कारण गावी ती लागणार नव्हती, आणि खरंच लागली नाही. वर्षभर समितीच्या कामासाठी अब्बा रोज संध्याकाळी शाळेत यायचे. पंखे, फळा, शिक्षकाचा पगार, सगळं त्यांनी धावाधाव करून जमवलं, पण ते माझ्या वर्गात एकदाही शिरले नाहीत. व्हरांड्यात उभे राहून थॉमस सरांशी बोलत आणि जात. पुढच्या वर्षी ते उभे राहिले नाहीत. सिद्दीकी साहेब अध्यक्ष झाले, बस आली, आणि दर्यावरच्यांचा बोल त्यांनी बंद केला. का, ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. त्या खोलीत मात्र अब्बा 'चुकलं' असं कधीच बोलले नाहीत, ना त्या वर्षी, ना नंतर. मोठी झाल्यावर मी एकदा विषय काढला, तर त्यांनी मला विचारलं, जेवलीस का.

हॅगन वर्षभर येत राहिले. गोष्टी सांगायचे, पण घोड्यांच्या, बर्फाच्या, मुलाच्या बेसबॉलच्या. काकांच्या गोष्टी त्यांनी आमच्या टेबलावर पुन्हा आणल्या नाहीत. मग त्यांची बदली झाली.

पुढच्या वर्षी तोच वर्ग दहावीचा झाला. त्यातून मी दहावी झाले, दहावीमुळे कॉलेज झालं, कॉलेजमुळे नोकरी, आणि त्या नोकरीच्या जोरावर तुमच्या अम्मीला मी परदेशात शिकायला पाठवू शकले. तुम्ही तिकडे आहात ते असे. हे मी तुम्हाला लाज वाटावी म्हणून सांगत नाही. ती माझ्याजवळ पुरेशी आहे.

अब्बा, अम्मा, जैनबभाभी, हसनचाचा, सगळे गेले. बंगला पाडला. शाळा दुसऱ्या इमारतीत गेली आणि तिथे आता बारावीपर्यंतचे वर्ग आहेत, असं कळतं. सफिया आहे. म्हसळ्याजवळ मुलाकडे राहते, गुडघे दुखतात म्हणते. दर ईदला मी तिला फोन करते. ती उचलते.